दूर पल्ल्याचा नवा हवाई मार्ग कसा ठरतो? मुंबई–मँचेस्टरच्या उदाहरणातून पायरीपायरीने

१ जुलै २०२५ रोजी इंडिगोने मुंबईहून मँचेस्टरला आणि दुसऱ्या दिवशी ॲमस्टरडॅमला थेट विमानसेवा सुरू केली. देशांतर्गत वाहतुकीत आघाडीवर असलेल्या या कंपनीचे हे पहिलेच दूर पल्ल्याचे मार्ग होते. लंडन, न्यूयॉर्क, टोरांटो अशी उघड मागणीची शहरे समोर असताना सुरुवात उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरापासून का झाली, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. पुण्यातले उद्योजक थेट लंडनची किंवा फ्रँकफर्टची मागणी करतात आणि नागपूरकर युरोपची वाट पाहतात, तेव्हाही मुळात हाच प्रश्न विचारला जात असतो: विमान कंपनी नवे शहर निवडते ते कशाच्या आधारावर?

विमान कंपनीतला मार्ग नियोजन विभाग ज्या क्रमाने हे प्रश्न सोडवतो, साधारण त्याच क्रमाने पुढील मांडणी केली आहे. विमानवाहतूक व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना, विमानतळ सल्लागार समित्यांवर किंवा उद्योजक संघटनांमध्ये काम करणाऱ्यांना आणि आपल्या शहरासाठी थेट विमान मागणाऱ्या कोणालाही ती वापरता यावी, असा हेतू आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. ‘लोकांना कुठे जायचे आहे’ या प्रश्नाने हा निर्णय सुरू होत नाही. आपल्याकडे असलेले अमुक विमान, अमुक वेळेला, अमुक भाड्याने, फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारीसुद्धा पुरेसे भरेल का, हा खरा प्रश्न असतो. गर्दीच्या डिसेंबरमध्ये जवळजवळ कोणताही मार्ग चालतो, पण मार्गाची परीक्षा होते ती ओसाड महिन्यांत.

पायरी १: आधी विमान पाहावे, मग नकाशा

नियोजनकार हातातल्या विमानाच्या तासांपासून हिशेब सुरू करतो. मुंबई–मँचेस्टर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ७,३०० किलोमीटर आहे आणि उड्डाणाला साधारण दहा तास लागतात. जायला दहा तास, तिथे दोन तास थांबा, यायला दहा तास आणि मुंबईत पुन्हा दोन तास असे धरले तर एक फेरी बरोबर चोवीस तासांची होते. म्हणजे एका विमानात तत्त्वतः रोजची सेवा देता येते, पण उशीर झाला किंवा देखभालीला विमान काढावे लागले तर सावरायला एक तासही शिल्लक राहत नाही. इंडिगोने नॉर्स अटलांटिक या नॉर्वेच्या कंपनीकडून वैमानिकांसह भाड्याने घेतलेल्या बोइंग ७८७-९ विमानांवर सुरुवात केली आणि मँचेस्टर व ॲमस्टरडॅम या दोन्ही शहरांना आठवड्यातून तीन-तीन फेऱ्या ठेवल्या. एकूण सहा फेऱ्या आणि सात दिवस, असा हा मेळ आहे. एकाच विमानात दोन शहरे आजमावून पाहता येतात आणि आठवड्यातला एक दिवस सावरण्यासाठी मोकळा राहतो.

आता हाच हिशेब सोळा तासांच्या अमेरिकेच्या मार्गाला लावून पाहावा. एक फेरी छत्तीस तासांची होते, म्हणजे रोजच्या सेवेला आठवड्याचे २५२ तास लागतात आणि एका विमानाकडे आठवड्यात १६८ तासच असतात. रोज जायचे तर दीड विमान हवे, प्रत्यक्षात दोन. शिवाय इतक्या लांब उड्डाणावर दोनऐवजी चार वैमानिक लागतात आणि त्यांच्या विश्रांतीसाठी परदेशी हॉटेलात मुक्काम ठेवावा लागतो. लांबच्या उड्डाणात सुरुवातीचे कितीतरी इंधन पुढचे इंधन वाहून नेण्यातच जळते, ही आणखी एक किंमत. म्हणून नवखी कंपनी दहा तासांच्या आतबाहेरच्या शहरापासून सुरुवात करते, यात मला नुसता सावधपणा दिसत नाही, तो चांगला हिशेब आहे.

विमानाची जात बदलली की निवडीचा नकाशाही बदलतो. सिंगापूर एअरलाइन्सने सिंगापूर–नेवार्क ही सेवा २००४ ते २०१३ या काळात चार इंजिनांच्या ए-३४० विमानाने चालवली आणि इंधनाच्या खर्चापायी बंद केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या ए-३५० विमानाची खास लांब पल्ल्याची आवृत्ती हाती आल्यावर तोच मार्ग पुन्हा उघडला. त्या विमानात आसने फक्त १६१ आहेत, ६७ बिझनेस वर्गाची आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीची. साधी इकॉनॉमी त्यात नाहीच, कारण इतक्या लांब अंतरावर स्वस्त तिकिटांच्या जोरावर हिशेब बसवणे कठीण असते. दुसऱ्या टोकाला ए-३२१ एक्सएलआर हे एकाच मार्गिकेचे छोटे विमान आहे, ज्याचा पल्ला सुमारे ८,७०० किलोमीटर आहे. आयबेरियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये माद्रिद–बोस्टन मार्गावर ते प्रथम चालवले. तीनशेहून अधिक आसने भरणे जिथे शक्य नाही, पण दोनशेच्या आतली भरतील, अशी मध्यम शहरे या विमानामुळे पहिल्यांदाच विचारात घेता येऊ लागली आहेत.

पायरी २: खरे प्रवासी मोजणे

मागणी मोजताना सर्वांत जास्त चूक होते ती इथे. भारताचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर तिमाहीला आंतरराष्ट्रीय वाहतुकीची शहर-जोडीनिहाय आकडेवारी प्रसिद्ध करते आणि ती कोणालाही पाहता येते. ब्रिटनचे नागरी विमान प्राधिकरणही आपल्या विमानतळांची आकडेवारी दर महिन्याला देते. ही माहिती अत्यंत उपयोगाची आहे, पण तिच्यात थेट उड्डाणाचे टप्पे मोजलेले असतात. मुंबईहून दुबईमार्गे मँचेस्टरला गेलेला माणूस तिथे मुंबई–दुबईचा प्रवासी म्हणून दिसतो. ज्या दोन शहरांत थेट विमानच नाही, त्यांच्यामधली वाहतूक या तक्त्यांत शून्य दिसते, आणि नवा मार्ग शोधणाऱ्याला नेमके हेच शून्य फोडून पाहायचे असते.

त्यासाठी कंपन्या तिकीट आरक्षण यंत्रणांमधून तयार होणारी माहिती विकत घेतात. प्रवासी कुठून निघाला, कुठे पोहोचला, कोणत्या शहरातून गेला, तिकीट कधी काढले आणि साधारण किती भाडे दिले, हे त्यातून समजते. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विकलेली तिकिटे मात्र या यंत्रणांतून जात नाहीत, त्यामुळे अंदाजाने त्यांची भर घालावी लागते. एमिरेट्स, कतार एअरवेज आणि एतिहाद या तिन्ही कंपन्या मुंबईलाही जातात आणि मँचेस्टरलाही, त्यामुळे दोन्ही शहरांमधला बराचसा प्रवासी आखातातून जात होता. ज्या मार्गावर लोक आधीच एक थांबा सोसून मोठ्या संख्येने जात आहेत, तो थेट विमानासाठी पहिला उमेदवार ठरतो.

आकडा किती मोठा लागतो, हे स्वतः मांडून पाहावे. नॉर्सच्या ७८७-९ विमानात ३३८ आसने आहेत. आठवड्याला तीन फेऱ्या धरल्या तर वर्षाला दोन्ही दिशांनी मिळून १,०५,४५६ आसने होतात आणि त्यातली ८५ टक्के भरायची तर जवळजवळ नव्वद हजार प्रवासी हवेत. रोजची सेवा द्यायची तर हाच आकडा दोन लाखांच्या पुढे जातो. या प्रवाशांपैकी सगळे आपल्याला मिळत नाहीत, ही गोष्टही लक्षात ठेवावी. ज्याच्याकडे एखाद्या कंपनीचे सवलतीचे मैल साठलेले आहेत, ज्याला दुबईत दोन दिवस थांबायचे आहे, ज्याच्या सुटीचा दिवस आपल्या तीन दिवसांत बसत नाही, तो जुन्याच वाटेने जाणार. किती जण येतील याचा अंदाज थेट सेवा, फेऱ्यांची संख्या, निघण्याची वेळ आणि विमानाचा प्रकार यांना गुण देऊन बांधला जातो. उलट बाजूने, थेट विमान आल्यामुळे काही नवा प्रवासही जन्माला येतो: गुडघेदुखीमुळे विमान बदलण्याची धास्ती असलेले आईवडील मुलाकडे जायला तयार होतात. ही वाढ खरी असते, पण तिच्याच भरवशावर मार्ग उघडणे धोक्याचे आहे.

जुना इतिहास हा मागणीचा सर्वांत स्वस्त पुरावा असतो. जेट एअरवेजने मार्च २०१६ मध्ये आपले युरोपातले केंद्र ब्रसेल्सहून ॲमस्टरडॅमला हलवले होते आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई–मँचेस्टर ही थेट सेवा सुरू केली होती. एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनीच बंद पडली, म्हणजे मँचेस्टरचा मार्ग मागणीअभावी नव्हे तर चालवणाऱ्याच्या आर्थिक अडचणीने संपला. इंडिगोची पहिली दोन्ही शहरे जेटने आधी जोडलेल्या शहरांतलीच निघावीत, हा मला योगायोग वाटत नाही.

पायरी ३: प्रवासी कोण आहे आणि किती भाडे देईल

नव्वद हजार प्रवासी सापडले म्हणजे काम झाले असे नाही, कारण दोन मार्गांवर सारखेच प्रवासी असूनही एक नफ्यात आणि दुसरा तोट्यात असू शकतो. प्रवासी ढोबळमानाने चार प्रकारचे असतात: कामानिमित्त जाणारे, नातलगांना भेटायला जाणारे, विद्यार्थी आणि पर्यटक. कामासाठी जाणारा उशिरा तिकीट काढतो, जास्त पैसे देतो आणि वर्षभर प्रवास करतो. नातलगांकडे जाणारा भाड्याला फार संवेदनशील असतो, सामान भरपूर नेतो आणि शाळांच्या सुट्यांभोवती एकवटतो. विद्यार्थी सप्टेंबरच्या आसपास बहुतांश एकाच दिशेने जातात, त्यामुळे जाणारे विमान भरलेले आणि येणारे अर्धे रिकामे, अशी स्थिती होते. मराठी घरांतला अनुभवही हेच सांगतो: उन्हाळ्यात इथले आजी-आजोबा परदेशी मुलांकडे जातात आणि नाताळच्या सुटीत तिकडची कुटुंबे इकडे येतात.

म्हणून एका वर्षाची सरासरी न पाहता बारा महिने आणि दोन दिशा अशा चोवीस चौकटींचा तक्ता करावा आणि प्रत्येक चौकटीत अपेक्षित प्रवासी व सरासरी भाडे लिहावे. सरासरीत झाकलेली छिद्रे या तक्त्यात लगेच दिसतात.

प्रवाशांच्या स्वरूपाने मार्ग कसा घडतो याची दोन उदाहरणे आपल्या जवळची आहेत. लुफ्थांसाने २००८ मध्ये पुणे–फ्रँकफर्ट सेवा सुरू केली, ती सुरुवातीला केवळ बिझनेस वर्गाची आसने असलेल्या छोट्या विमानाने. मर्सिडीझ-बेंझ आणि फोक्सवॅगन यांचे चाकणमधले कारखाने त्याच सुमारास उभे राहत होते आणि जर्मनीला वारंवार जाणारे अभियंते व अधिकारी महाग तिकीट काढणार होते, त्यामुळे थोड्या आसनांवरही हिशेब बसत होता. पुढे ती सेवा बंद झाली. दुसरे उदाहरण गोव्याचे. एअर इंडियाची गोवा–गॅटविक सेवा ब्रिटनमधल्या गोवेकर समाजावर, विशेषतः स्विंडनसारख्या शहरांत मोठ्या संख्येने राहणाऱ्या कुटुंबांवर आणि हिवाळी पर्यटकांवर उभी होती. आसने भरत, पण बिझनेस वर्गाची बाजू अशा मार्गावर स्वभावतःच कमजोर असते. जून २०२५ मध्ये कंपनीने आपली आंतरराष्ट्रीय उड्डाणे कमी केली तेव्हा स्थगित झालेल्या मार्गांत हाही होता. कपातीच्या वेळी कोणता मार्ग आधी जातो, हे पाहिले की कंपनीच्या लेखी त्याचे मोल काय होते ते कळते.

पायरी ४: पुढे जाणारे आणि मागून येणारे

दूर पल्ल्याचे विमान फक्त दोन टोकांच्या शहरांवर क्वचितच भरते. इंडिगोचे मँचेस्टरचे विमान मुंबईहून पहाटे निघेल असे ठेवले गेले, कारण रात्रीपर्यंत अहमदाबाद, हैदराबाद, कोची, नागपूर अशा शहरांतून कंपनीची स्वतःची विमाने मुंबईत येऊन पोहोचतात आणि त्यांतले प्रवासी पुढे चढवता येतात. परतीच्या विमानातल्या लोकांनाही मुंबईतून सकाळची देशांतर्गत विमाने मिळायला हवीत. नियोजनकाराने इथे तपासायचे ते असे की जोडीचे विमान दीड ते चार तासांत मिळते का, सामान पुन्हा स्वीकारून दुसऱ्या टर्मिनलला न्यावे लागते का, आणि जोड प्रवाशाकडून मिळणाऱ्या भाड्यातला आपल्या लांब टप्प्याचा वाटा किती उरतो. मुंबईतल्या दोन टर्मिनलांमधला रस्त्याचा प्रवास ही या हिशेबातली खरी अडचण आहे.

ॲमस्टरडॅमचे महत्त्व दुसऱ्या टोकाच्या जोडणीत आहे. केएलएम आणि तिच्या सहकारी कंपन्यांची युरोपभरची आणि अटलांटिकपलीकडची उड्डाणे तिथून मिळतात, त्यामुळे भागीदारी असेल तर एका शहराचे तिकीट विकता विकता अनेक शहरे विकता येतात. मँचेस्टरचा आधार मुख्यतः आसपासच्या उत्तर इंग्लंडवर आहे: लीड्स, लिव्हरपूल, शेफील्ड, ब्रॅडफर्ड ही शहरे रेल्वेने किंवा गाडीने जवळ आहेत. म्हणजे दोन मार्ग एकाच विमानावर चालत असले तरी त्यांच्या भरण्यामागची कारणे निराळी आहेत, आणि एक कमी पडला तर दुसरा पडेलच असे नाही.

पायरी ५: परवानगी, आणि कोणाच्या आकाशातून जायचे

१९४४ च्या शिकागो करारानंतर प्रत्येक देशाची आपल्या आकाशावर पूर्ण सत्ता मान्य झाली, आणि दोन देशांमधली नियमित सेवा आजही बहुतांशी द्विपक्षीय करारावर चालते. कोणत्या देशाच्या किती कंपन्या, कोणत्या शहरांत, आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती आसने, हे त्यात ठरलेले असते. भारत आणि अमेरिका यांच्यात २००५ पासून मुक्त आकाश करार आहे, त्यामुळे तिथे फेऱ्यांची मर्यादा आडवी येत नाही. याउलट दुबईशी प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६५ हजार आसनांची मर्यादा आहे, आणि ती वाढवावी ही एमिरेट्सची मागणी कित्येक वर्षे पडून आहे. एमिरेट्स भारतातल्या नऊ शहरांत उतरते, पण महाराष्ट्रातले त्यातले शहर मुंबई एकच. पुण्यात मागणी कितीही असली तरी परदेशी कंपनीला करारात तो थांबा मिळाल्याशिवाय येता येत नाही. म्हणून मार्ग मागणाऱ्या संघटनेने सर्वप्रथम करार तपासावा, आणि अडचण तिथेच असेल तर निवेदन विमान कंपनीकडे न नेता नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे न्यावे.

उतरण्याच्या परवानगीइतकीच आकाशातून जाण्याची परवानगी महत्त्वाची आहे, आणि गेल्या काही वर्षांत तिनेच अनेक मार्गांचे भवितव्य ठरवले. २०२२ मध्ये रशियाचे आकाश पाश्चिमात्य कंपन्यांना बंद झाल्यावर अमेरिकी कंपन्यांचे भारताकडचे काही मार्ग स्थगित झाले, तर एअर इंडियाला रशियावरून जाता येत असल्याने उत्तर अमेरिकेच्या मार्गांवर तिला वेळेचा फायदा मिळाला. त्या फायद्यालाही जोखीम जोडलेली असते. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान इंजिनाच्या समस्येमुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे उतरवावे लागले आणि प्रवाशांना पुढे नेण्यासाठी दुसरे विमान पाठवावे लागले. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना त्याचा मोठा फटका बसला, आणि एअर इंडियाने त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबवताना विमानांच्या नूतनीकरणाबरोबर हेही कारण दिले. मुंबईहून निघणारे विमान अरबी समुद्रावरून वळून जाऊ शकत असल्याने त्याचे नुकसान तुलनेने कमी राहिले. मुंबई–युरोप हा मार्ग नव्या कंपनीला सोयीचा वाटण्यामागे भूगोलाचे हे साधे कारणही आहे.

नियोजनात प्रत्येक मार्गासाठी निदान दोन वाटा काढून ठेवाव्यात, आणि लांबच्या वाटेने जावे लागले तर इंधन, वेळ आणि वाहून नेता येणारे वजन यांचे काय होते ते आधीच मांडावे.

पायरी ६: उतरायला जागा मिळेल का

गजबजलेल्या विमानतळावर उतरण्याची आणि निघण्याची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, मिळाल्याशिवाय बाकी सगळे व्यर्थ आहे. हीथ्रोचे स्लॉट इतके दुर्मीळ आहेत की २०१६ मध्ये ओमान एअरने एका जोडीसाठी सुमारे साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. वर्षाचे दोन हंगाम असतात. उन्हाळी हंगाम मार्चच्या आणि हिवाळी हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, आणि त्यांच्या स्लॉटची वाटाघाटी अनुक्रमे आधीच्या नोव्हेंबरात आणि जूनमध्ये होते. मिळालेला स्लॉट हंगामात ८० टक्के वेळा वापरला नाही तर तो पुढच्या वर्षी हातून जाऊ शकतो. मँचेस्टरमध्ये जागा मिळणे हीथ्रोपेक्षा पुष्कळ सोपे होते, शिवाय तिथला विमानतळ भारताशी थेट सेवेसाठी स्वतः प्रयत्नशील होता. असे विमानतळ उतरण्याच्या शुल्कात सुरुवातीच्या काळात सवलत देतात आणि जाहिरातीचा भार उचलतात. इकडच्या टोकाला मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्याने ही कोंडी हळूहळू सैल होईल.

पायरी ७: एका उड्डाणाचा हिशेब

इथवरची सगळी माहिती एका कागदावर आणावी लागते. पुढचे पैशांचे आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत, रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. समजा एका बाजूच्या उड्डाणाचा खर्च असा आहे: इंधन ५५ लाख रुपये, विमानाचे भाडे, कर्मचारी आणि देखभाल मिळून ५० लाख, विमानतळ, आकाशमार्ग आणि जमिनीवरील सेवांचे शुल्क २० लाख, जेवण, विक्री आणि इतर १५ लाख. एकूण १ कोटी ४० लाख.

उत्पन्नाच्या बाजूला इकॉनॉमीच्या २८२ आसनांपैकी २४० भरली आणि कर वगळून सरासरी ३६,००० रुपये मिळाले, तर ८६ लाख ४० हजार होतात. पुढच्या, म्हणजे महाग वर्गाच्या ५६ आसनांपैकी ४२ भरली आणि सरासरी ७५,००० मिळाले, तर ३१ लाख ५० हजार. विमानाच्या पोटातल्या मालातून दहा टन, किलोला १२० रुपयांनी, म्हणजे १२ लाख. बेरीज जवळजवळ १ कोटी ३० लाख होते, आणि ८३ टक्के भरलेले विमान दहा लाखांच्या तोट्यात उडते.

आता हे दहा लाख कुठून आणायचे ते पाहावे. केवळ इकॉनॉमीतून आणायचे तर आणखी २८ आसने, म्हणजे वर्षभर इकॉनॉमी ९५ टक्के भरायला हवी, जे घडत नाही. त्याऐवजी इकॉनॉमीचे सरासरी भाडे ४,२०० रुपयांनी वाढले तरी भागते, किंवा पुढच्या वर्गातली उरलेली १४ आसने भरली तरी भागते. यातून दिसते ते हे की विमान किती भरले याच्याइतकेच, किंबहुना अधिक, कोण बसले याला महत्त्व आहे. मालाचे १२ लाखही दुर्लक्षित करण्यासारखे नाहीत. मुंबईतून औषधे वर्षभर जातात, तर हापूस एप्रिल-मेमध्ये, आणि युरोपकडून यंत्रांचे सुटे भाग येतात. ज्या मार्गावर दोन्ही दिशांना माल आहे, तो ओसाड महिन्यांत तग धरतो.

भाड्यातला कर कंपनीच्या हाती लागत नाही, हे इथे विसरू नये. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशाला लांब अंतरासाठी द्यावा लागणारा एअर पॅसेंजर ड्यूटी हा कर तिकिटाची किंमत वाढवतो, पण उत्पन्नात मोजता येत नाही. तिकिटाच्या जाहीर किमतीवरून मार्ग फायद्यात आहे असा निष्कर्ष काढणारे नेमके इथे फसतात.

शेवटी हाच तक्ता इंधन वीस टक्क्यांनी महागले, रुपया घसरला, उड्डाण चाळीस मिनिटांनी लांबले अशा तीन-चार स्थितींत पुन्हा मांडावा. जेट एअरवेजने जून २००८ मध्ये मुंबई–शांघाय–सॅन फ्रान्सिस्को सेवा सुरू केली. जुलैत कच्चे तेल पिंपाला १४० डॉलरच्या पलीकडे गेले, त्यापाठोपाठ जागतिक मंदी आली, आणि जानेवारी २००९ मध्ये सेवा थांबली.

पायरी ८: सुरू केल्यानंतर

तिकिटविक्री साधारणपणे उड्डाणाच्या चार ते अकरा महिने आधी उघडते. परदेशी विद्यापीठांचे प्रवेश, लग्नसराई आणि शाळांच्या सुट्या लक्षात घेऊन ही तारीख ठरवली तर पहिला हंगाम हाती लागतो. नवा मार्ग स्थिरावायला दोन-तीन वर्षे लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षाचा तोटा आधीच अंदाजपत्रकात धरलेला असतो. व्यवस्थापन दर आठवड्याला पाहते ती पुढच्या तारखांची भरती: अमुक उड्डाणाला साठ दिवस उरले असताना किती आसने गेली आहेत आणि कोणत्या भाड्याने. फेऱ्या तीनवरून पाच किंवा सात करणे ही पहिली चांगली खूण आहे, कारण कामासाठी जाणारा प्रवासी आठवड्याला तीनच दिवस असलेल्या सेवेवर अवलंबून राहत नाही. विमान काढून घेण्याचा निर्णय मात्र केवळ तोट्यावर होत नसतो. तेच विमान दुसरीकडे जास्त मिळवणार असेल, तर थोडा नफा देणारा मार्गही बंद होतो.

पुण्यासाठी किंवा नागपूरसाठी प्रस्ताव लिहायचा असेल तर

पुण्याची लोहगावची धावपट्टी हवाई दलाच्या तळावर आहे, तिची लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास आहे आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेली विरळ हवा आणि ही लांबी एकत्र आल्या की पूर्ण इंधन व पूर्ण प्रवासी घेतलेले मोठे विमान युरोपकडे उडवणे कठीण होते, काही आसने किंवा सगळा माल सोडावा लागतो. त्यामुळे पुण्याच्या प्रस्तावात रात्रीचे तापमान, धावपट्टी विस्ताराची स्थिती आणि छोट्या विमानाचा पर्याय यांवर पहिले पान खर्च करावे. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची असल्याने तिथली अडचण वेगळी आहे, ती मागणीची. कतार एअरवेज दोह्यामार्गे ती मागणी काही अंशी पुरवते. त्या विमानातले किती प्रवासी दोह्यालाच उतरतात आणि किती पुढे कोणत्या शहराला जातात, हे शोधले तर नागपूरच्या प्रस्तावाला पाया मिळतो.

दोन्ही शहरांनी मुंबईला गळणारा प्रवासी मोजायला हवा. पुण्याहून परदेशी जाणारे कितीतरी लोक द्रुतगती मार्गाने मुंबई गाठतात आणि आकडेवारीत मुंबईकर म्हणून नोंदले जातात. नवी मुंबई विमानतळ तर पुण्याला आणखी जवळ आहे. ही गळती दाखवण्यासाठी कंपन्यांच्या प्रवास विभागांकडून गेल्या बारा महिन्यांची शहरनिहाय, वर्गनिहाय तिकीटसंख्या लेखी घ्यावी, ट्रॅव्हल एजंटांकडून तशीच माहिती जमवावी आणि निर्यातदारांकडून महिन्यागणिक हवाई मालाचे टन मागवावेत. शक्य असेल तर चार-पाच मोठ्या कंपन्यांनी पहिल्या वर्षी ठरावीक आसने घेण्याची लेखी हमी द्यावी. शंभर पानी निवेदनापेक्षा अशा एका पत्राला मार्ग नियोजन विभागात अधिक वजन असते. प्रस्तावात एकच शहर, एकच विमान आणि आठवड्याला तीन फेऱ्या मागाव्यात, आणि तो संबंधित हंगामाच्या स्लॉट बैठकीआधी निदान वर्षभर कंपनीच्या हाती पडेल असे पाहावे.